हलू नका, काकू

फोन एक आणि आज्या दोन, असा बेत जावयाने सांगितला तेव्हाच ऑपरेटरबाई म्हणाल्या होत्या की एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. जावई हसला. त्याला वाटलं, सासूबाई गंमत करताहेत. सासूबाई अजिबात गंमत करत नव्हत्या. दुसऱ्या तलवारीला त्या चांगल्या ओळखून होत्या.

तसा त्याचा तरी काय दोष? आधी दोघींकडे वेगवेगळे स्मार्टफोन होते, तेव्हा दूरदेशी राहणाऱ्या त्या दोन पोरांना प्रत्येक बातमी दोनदा सांगावी लागे, आणि जिला नंतर कळे ती आजी रुसून बसे. नातीला पहिला दात आला तो आधी कुणाला दाखवला, यावरून तर विहिणी-विहिणींत चांगला अबोला झाला होता. शेवटी मुलीने आणि जावयाने मिळून तोडगा काढला. त्यांनी एकच भारीतला फोन पाठवला. एक आठवडा मुलीच्या आईकडे, एक आठवडा मुलाच्या आईकडे, आणि अदलाबदल रविवारी सकाळी आठाला. फुटकळ बोलायला दोघींकडे बटणांचे साधे फोन ठेवले. नव्या फोनला दोघींचे चेहरे ओळखायला शिकवलं, त्यामुळे तो दोघींपैकी कुणाचंही तोंड पाहून उघडायचा. घरात तेवढा एकच निःपक्षपाती होता.

ऑपरेटरबाईंना ते नाव पडलं कारण त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली. समोर भोकांचा बोर्ड, कानावर हेडफोन, हातात वायरी. याची वायर त्याच्या भोकात घालायची आणि दोन घरं बोलती करायची. त्यांच्या विहीणबाई शाळेत पी.टी. शिकवायच्या, म्हणून त्या पीटीबाई. निवृत्त होताना शिट्टी शाळेत जमा केली, पण ती आवाजात तशीच राहिली होती. दोघींची घरं एकाच गल्लीत समोरासमोर, दोघींनाही आता घरी विचारणारं कुणी नव्हतं, आणि तरीही एकीच्या गॅलरीत दुसरी दिसली की पहिली आत जायची.

त्या रविवारी ऑपरेटरबाईंची पाळी संपत होती. पीटीबाई शिरस्त्याप्रमाणे वेळेआधी येऊन खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या, पाहुण्यांसारख्या नाही, तर वसुलीला आल्यासारख्या. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. पाळी कुणाची यावर वाद घालायला वेळ नव्हता. दोघी एकाच सोफ्यावर बसल्या आणि फोनसमोर तोंडं नेली.

पडद्यावर खारूताई होती. नातीचं हे नाव आजीलोकांनीच पाडलेलं, आणि त्या एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं, कारण ती सारखं काहीतरी दोन्ही हातांत धरून कुरतडत असे. आता ती कोचाला धरून उभी होती. तिच्या आईने फोन जमिनीवर, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. तिकडे दारावरची बेल वाजली. "बघा हं जरा हिच्याकडे, आलेच," असं म्हणून मुलगी दाराकडे गेली. जावई त्या दिवशी कामावर होता. म्हणजे खोलीत राहिली एक खारूताई आणि काचेपलीकडच्या दोन आज्या.

आणि खारूताईने कोच सोडला.

ऑपरेटरबाईंनी हाका मारल्या. पीटीबाईंनीही मारल्या. इकडे काय झालं, कोण आधी ओरडलं, कुणी टाळ्या वाजवल्या, हे नंतर दोघींनाही धड सांगता येईना. एवढं खरं की खारूताई डुलत डुलत, हात पंखांसारखे पसरून, पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी चालत आली ती थेट फोनपर्यंत, आणि तिथे बदकन बसली. मुलगी परत आली तेव्हा ती बसलेली होती.

"चालली," दोन्ही आज्या एकदम म्हणाल्या.

मुलीचा चेहरा ऑपरेटरबाई कधी विसरणार नव्हत्या. आधी आनंद झाला, आणि मग लगेच त्या आनंदाखालून दुसरंच काही वर आलं. "मी दारात होते," ती म्हणाली. "सही करत होते पार्सलवर."

"अगं, थांब," पीटीबाई म्हणाल्या. "हा वर लाल ठिपका दिसतोय. हे रेकॉर्ड झालंय सगळं." आवाज वाढवायला म्हणून ऑपरेटरबाईंनी मघाशी पडद्यावर दोन-चारदा बोट फिरवलं होतं, त्यात ते सुरू झालं असावं. आंधळ्याने मारलेला दगड नेमका लागावा तसा तो ठिपका हाती लागला होता.

"खरंच? मग पाठवा. आत्ताच पाठवा, आई," मुलगी म्हणाली, आणि दोघींनी घाईने ठिपका दाबून रेकॉर्डिंग थांबवलं आणि कॉल बंद केला.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पुढे जे झालं ते झालं नसतं, जर पीटीबाई एक वाक्य बोलल्या नसत्या. त्या म्हणाल्या, "बघितलंत? माझ्या हाकेवर आली ती."

"तुमच्या?" ऑपरेटरबाई म्हणाल्या. "तुमच्या ओरडण्याने ती दचकली होती. माझ्याकडे आली ती. व्हिडिओतच दिसेल."

"बघूच या."

"बघूच."

दोघींची बोटं एकदम पडद्यावर गेली. नेमकी त्याच क्षणी फोनने वर एक पाटी दाखवली, नवीन आवृत्ती तयार आहे, आता बसवायची का. ऑपरेटरबाईंनी ती न वाचताच होय केलं. त्याने पासकोड मागितला, तोही दिला. उतावळेपणात माणूस कुठे सही करतो ते बघत नाही. पडदा काळा झाला, मधोमध कंपनीचं चिन्ह आलं, खाली बारीक रेघ भरू लागली आणि अर्ध्यावर येऊन थांबल्यासारखी झाली.

भिंतीवरच्या घड्याळाने ठोके दिले. "आठ वाजले," पीटीबाई म्हणाल्या. "आता फोन माझा." त्यांनी तो उचलला, आणि शाळेत गप्पा मारणाऱ्या पोराचा कान धरावा तसं बाजूचं बटण घट्ट धरून ठेवलं, ते फोन पूर्ण विझेपर्यंत.

नंतर तो चालू झालाच नाही. चिन्ह यायचं, जायचं. पुन्हा यायचं, पुन्हा जायचं.

दोघींच्या तोंडचं पाणी पळालं.

*

दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, किल्ल्या बनवणारा आणि इस्त्रीवाला यांच्या मधे होतं. दुकान चालवणारी बाई अंगाने भारदस्त आणि बोलायला मोजकी होती, म्हणजे गिऱ्हाइकांशी मोजकी. फोनशी ती भरपूर बोलायची. तिने भिंग डोळ्याला लावून फोन पाहिला आणि त्यालाच विचारलं, "काय रे बाबा, काय केलं तुला?" मग मान वर करून म्हणाली, "अपडेट चालू असताना मधेच बंद केलाय का?"

"झाला," पीटीबाई म्हणाल्या. कर्ता गाळायची सोय आपल्या भाषेत आहे, ती अशा वेळी फार उपयोगी पडते.

"बॅकअप आहे?"

"ते यांच्याकडे होतं," दोघी एकमेकींकडे बोट दाखवून म्हणाल्या.

दुरुस्तीवालीने सुस्कारा सोडला, पण समजावून सांगितलं नीट. "हे बघा काकू, फोनला चालवणारं एक सॉफ्टवेअर असतं आत, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्यातलं जुनं अर्धं निघालंय आणि नवं अर्धं बसलंय. जिना अर्धा बांधून गवंडी पळून जावा तसं झालंय. आता कॉम्प्युटरवरून ते सगळं नव्याने चढवायचं. त्याला दोन रस्ते आहेत. एकात तुमचं सामान जागच्या जागी राहतं. दुसऱ्यात घर धुऊन पुसून कोरं होतं, फोटोबिटो काही उरत नाही. पहिला करून बघू. पण तो चालू असताना केबल निसटली, तर मग दुसऱ्याशिवाय इलाज नाही."

"निसटेल कशाला?" ऑपरेटरबाईंनी विचारलं. केबल आणि भोक या विषयात त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"या फोनचं भोक सैल झालंय. कुणीतरी सारखी केबल ओढून काढतं, धक्का देऊन."

दोघींनी केबलकडे पाहिलं. जिची पाळी संपायची ती फोन चार्जरला लावून ठेवायची आणि जिची सुरू व्हायची ती आठाच्या ठोक्याला उपटून न्यायची. हे त्यांना ठाऊक होतं, दुरुस्तीवालीला सांगायची गरज नव्हती.

"आणि माझ्या कॉम्प्युटरचं पण एकच भोक धड आहे, तेही दाबून धरलं तर," ती म्हणाली. "त्याचा पार्ट मागवलाय, तुमच्या फोनचाही मागवते. पुढच्या आठवड्यात सगळं ठाकठीक करून देईन. थांबता का?"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

दुरुस्तीवालीने भिंग कपाळावर सरकवलं. मग टेबलाखालून दोन स्टुलं ओढली. "माझा एक नियम आहे. सामान ज्याचं, हात त्याचा. उद्या मला बोल नको. तुम्ही ही बाजू धरा, आणि तुम्ही ती. फोन कुणाचा आहे?"

दोघींनी स्टुलं पुढे सरकवली. ऑपरेटरबाईंच्या वाट्याला कॉम्प्युटरची बाजू आली, पीटीबाईंच्या वाट्याला फोनची. केबल आखूड होती, त्यामुळे दोघींना गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं. खारूताईचे मायबाप एकमेकांना पसंत करून मोकळे झाले होते. या दोघी इतक्या जवळ पहिल्यांदाच बसत होत्या.

सुरुवातीला कॉम्प्युटरने फर्मवेअर उतरवून घ्यायला इतका वेळ लावला की फोन वाट बघून कंटाळला आणि पुन्हा ते चिन्ह दाखवू लागला. "लहरी आहेस हं," दुरुस्तीवाली त्याला म्हणाली, आणि बटणं एका ठरावीक क्रमाने दाबून त्याला परत ताळ्यावर आणलं. मग फाइल उतरली, तिने योग्य त्या पर्यायावर बोट ठेवून दोनदा वाचलं, आणि दाबलं. फोनवर बारीक रेघ उमटली.

"आता हलू नका, काकू," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

रेघ मुंगीच्या पावलांनी चालली होती. ऑपरेटरबाईंनी अंगठा केबलच्या मानेवर रोवला. कैक वर्षांत त्यांनी हाताने कुठलीही वायर धरली नव्हती, पण अंगठ्याला सगळं आठवत होतं. किती दाबायचं, कुठे थांबायचं, हे तो आपलं आपण करत होता. त्यांना बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून थोडी लाजही वाटली, कारण वेळ काही बरं वाटण्याची नव्हती.

त्यांच्या मनात जे होतं ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलाची आई म्हणजे घरची आजी आणि मुलीची आई म्हणजे पाहुणी आजी, असं त्यांना कुणी म्हणालेलं नव्हतं, पण लग्नाच्या दिवसापासून ते त्यांना टोचत होतं. खारूताईचं आडनाव तिकडचं. नाक तिकडचं. उभं राहायची ढब तर हुबेहूब पीटीबाईंची, पोट पुढे आणि हनुवटी वर. मग पहिलं पाऊल तरी आपल्याकडे पडावं, एवढी हाव म्हाताऱ्या माणसाने केली तर काय बिघडलं?

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतला बटणांचा फोन वाजला.

एक हात केबलवर, दुसरा टेबलाच्या कडेला. हलायची सोय नव्हती. फोन वाजतच राहिला. पीटीबाईंनी मोकळ्या हाताने विहीणबाईंच्या पिशवीत हात घातला, रुमाल बाहेर काढला, गोळ्यांची पट्टी काढली, किल्ल्या काढल्या, शेवटी फोन काढला आणि तो ऑपरेटरबाईंच्या कानाला धरला.

"आई, पाठवलास का?" मुलगी विचारत होती. "मी सारखं बघतेय. हे पण कामावरून फोन करून विचारताहेत."

"पाठवतेय गं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "नेट जरा हळू आहे."

"कशी चालली ती? सांग ना. आता नुसती बसून आहे, पुन्हा उठायला तयारच नाही."

ऑपरेटरबाईंनी सांगायला तोंड उघडलं. पीटीबाईंनी फोन स्वतःच्या कानाला नेला. "अगं, फाइल मोठी आहे. आईच्या हातात काम आहे, ती नंतर बोलेल. तू जेवून घे," त्या म्हणाल्या, आणि अंगठ्याने बटण दाबून फोन बंद केला. इतकी सफाईदार थाप ऑपरेटरबाईंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"पोरीला फार लागलंय," पीटीबाई थोड्या वेळाने म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच्या निम्म्याने खाली आला होता. "मला ठाऊक आहे ते. आमचा पाळणाघरात चालला पहिल्यांदा. मी मैदानावर होते. शाळाभर पोरं चालवत होते, डावा-उजवा, डावा-उजवा, आणि घरचं एक तिकडे चाललं. संध्याकाळी आणायला गेले तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, अहो, आज गंमत झाली."

ऑपरेटरबाईंनी रेघेवरची नजर न हलवता ऐकलं. "आमच्या हिच्या वेळी मी बोर्डावर होते," त्या म्हणाल्या. "शेजारणीने एक्सचेंजला फोन लावला. माझ्याच बोर्डावर दिवा लागला, मीच उचलला. ती म्हणाली, चालली बरं का तुझी. आणि मी काय म्हणाले सांगू? लाइन मोकळी ठेवा म्हणाले. साहेब मागे उभे होते."

पीटीबाई आधी हसल्या, मग त्यांचे डोळे भरले, मग पुन्हा हसू आलं. ऑपरेटरबाईंचंही तेच झालं. दोघींचे खांदे हसण्याने हलू लागले तशी पलीकडून दुरुस्तीवाली ओरडली, "काकू, हलू नका."

दोघी श्वास कोंडून बसल्या. रेघ थांबली होती. खरंच थांबली होती, की त्यांनाच तसं वाटत होतं? ऑपरेटरबाईंनी अंगठा केसभर वर घेतला, केसभर डावीकडे, जसा पूर्वी कुरकुरणाऱ्या लाइनवर घ्यायच्या. रेघ पुढे सरकली. पीटीबाईंनी सोडलेला श्वास त्यांच्या हातावर लागला.

"एक सांगते," पीटीबाई म्हणाल्या. "ते बटण मी आठ वाजले म्हणून नाही दाबलं. म्हणजे आठ वाजलेच होते. पण मला वाटलं, व्हिडिओत निघालं की ती तुमच्याकडेच आली, तर?"

"आणि मी ती पाटी न वाचता का दाबली असेन?" ऑपरेटरबाई म्हणाल्या. "तुमच्याआधी बघायचं होतं मला. चोराच्या मनात चांदणं."

"चोरणी," पीटीबाईंनी दुरुस्ती केली. "दोघी."

"पण आता मला तेही नको. कुणाच्याही हाकेवर आलेली असू दे. पोरीला बघायला मिळू दे."

"मिळू दे," पीटीबाई म्हणाल्या, आणि त्यांचं नाक एकाएकी सुरकुतलं. "विहीणबाई, शिंक."

"काय?"

"शिंक येतेय मला."

शिंकेला पाळी कळत नाही. पीटीबाईंचा एक हात फोन धरून होता, दुसरा त्याखाली आधाराला. ऑपरेटरबाईंनी टेबलाच्या कडेचा हात सोडून पुढे केला आणि आपल्या विहिणीचं नाक दोन बोटांच्या चिमटीत पकडलं, गच्च. पीटीबाईंचे डोळे मोठे झाले, गाल फुगले, सगळं अंग आतल्या आत एकदा उडालं, आणि हात मात्र दगडासारखे जागच्या जागी राहिले. किल्लीवाला काम सोडून बघत होता. मुलाच्या आईचं नाक मुलीच्या आईने दिवसाढवळ्या असं धरलेलं त्या गल्लीने पूर्वी कधी पाहिलं नसावं.

"गेली," पीटीबाई नाकातून म्हणाल्या. "सोडा."

"नक्की?"

"सोडा हो."

रेघ भरली. फोन काळा झाला, चिन्ह आलं, आणि दोघींनी ते आता जाणार म्हणून डोळे मिटून घेतले. दुरुस्तीवाली येऊन मागे उभी राहिली होती. "काकू," ती म्हणाली, "झालं. सोडा आता हात." डोळे उघडले तेव्हा पडद्यावर खारूताईचा नेहमीचा फोटो होता, कडेला छोटी छोटी आयकॉनं, आणि फोटोत ती दोन्ही हातांत चमचा धरून कुरतडत होती. दोघींचा जीव भांड्यात पडला. तरी हात सोडायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण बोटं आखडली होती.

*

व्हिडिओ जागेवर होता. पीटीबाईंनी फोन ऑपरेटरबाईंपुढे केला, "तुम्ही लावा." ऑपरेटरबाई म्हणाल्या, "पाळी तुमची आहे." शेवटी दुरुस्तीवालीनेच लावला, नाहीतर दुकान बंद व्हायची वेळ आली असती.

खारूताई कोचाला धरून उभी. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज मात्र नव्हता.

"आवाज वाढवा ना," पीटीबाई म्हणाल्या.

"पूर्ण आहे," दुरुस्तीवाली म्हणाली. "कॉल चालू असताना पडदा रेकॉर्ड केला की आवाज येत नाही बऱ्याचदा. चित्र तेवढं येतं."

म्हणजे कोण आधी ओरडलं, कुणाच्या हाकेवर काय झालं, याचा पुरावा जगात कुठेच नव्हता. ऑपरेटरबाईंनी आणि पीटीबाईंनी एकमेकींकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुढचं बघू लागल्या.

कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता, त्यात त्या दोघी होत्या. कॉल चालू असताना तिकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. आपलंच तोंड कोण बघत बसतं? आता बघितलं. दोन म्हाताऱ्या तोंडं फाडून ओरडत होत्या. एकीचे हात टाळ्या वाजवत होते, दुसरीचे हवेत बोलावत होते, आणि दोघी एकमेकींना कोपराने बाजूला सारत होत्या. खारूताई या दंग्याकडे टकामका बघत होती आणि कोच काही सोडत नव्हती. तिने तर उलट दोन्ही हातांनी तो जास्त घट्ट धरला.

मग चौकोनातल्या दोघी एकदम पुढे झुकल्या आणि त्यांची डोकी एकमेकींवर आपटली. चांगली सणसणीत. दोघींनी कपाळाला हात लावला, एकमेकींकडे पाहिलं, आणि हसू लागल्या. हाका बंद झाल्या होत्या. एकीने दुसरीच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, दुसरी डोळे पुसत होती, आणि खारूताईकडे त्या क्षणी दोघींपैकी कुणीही बघत नव्हतं.

खारूताई तेव्हा हसली. तिने कोच सोडला आणि चालत आली.

"थांबा," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. पुन्हा तेच झालं. आपटलेलं डोकं, हसू, आणि मग पावलं. ऑपरेटरबाईंनी नकळत कपाळ चाचपलं. सकाळपासून तिथे ठणकत होतं, आणि त्या समजत होत्या की ते काळजीने.

"हे मला आठवतच नव्हतं," पीटीबाई म्हणाल्या.

"मलाही नाही."

भांडण इतकं मनापासून केलं होतं की त्याच्या आधीचं हसणं दोघींच्याही लक्षात राहिलं नव्हतं. ऑपरेटरबाईंना फार आनंद झाला. सकाळपासून ज्या आनंदाच्या मागे लागल्या होत्या तो हा नव्हता; हा त्याहून मोठा होता आणि त्यात त्या पाहुण्या नव्हत्या.

व्हिडिओ पाठवला. दोघींनी एकत्र बोट दाबून पाठवला, दुरुस्तीवालीच्या देखत. थोड्या वेळाने फोन वाजला आणि पडद्यावर मुलगी आली, मांडीवर खारूताई. मुलीचं नाक लाल झालं होतं.

"आई," ती म्हणाली, मग सासूबाईंसाठी, "अहो आई," आणि तिने खारूताईला छातीशी धरलं.

"बघितलंस ना कशी चालली?" ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"बघितली. खूपदा बघितली. मग मी तिला सोडून तुम्हाला बघत बसले." तिने बाहीने नाक पुसलं. "आई, तू अशी हसतेस हे मला माहीतच नव्हतं गं. सारखी आपली ड्यूटीवर असायचीस."

पीटीबाईंनी ऑपरेटरबाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि फोनजवळ सरकल्या. "तिला आता उभी कर," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि तू समोर बस. आम्ही हाका मारणार नाही."

मुलीने खारूताईला कोचाजवळ उभं केलं आणि स्वतः जरा अंतरावर जमिनीवर बसली, हात पुढे करून. दुकानातल्या दोघी तोंड मिटून बसल्या. किल्लीवाला, इस्त्रीवाला, दुरुस्तीवाली, सगळे फोनवर वाकले. खारूताईने आईकडे पाहिलं, काचेतल्या दोघींकडे पाहिलं, पण जागची हलेना.

ऑपरेटरबाईंनी हळूच मान कलती केली आणि पीटीबाईंच्या कपाळावर आपलं कपाळ टकदिशी आपटलं.

खारूताई खिदळली आणि आईच्या हातांत चालत गेली.

*

पुढच्या रविवारी आठाला पाच कमी असताना ऑपरेटरबाई समोरच्या घरी गेल्या. पाळी आता त्यांची होती. पीटीबाईंनी चहा टाकला होता, दोन कप काढले होते. फोन चार्जरला लावलेला होता. त्याचं भोक नवं बसवून आणलं होतं, आणि दुरुस्तीवालीने दोघींना बजावून सांगितलं होतं की एका हाताने फोन धरायचा, दुसऱ्याने केबल, आणि सरळ ओढायची, हिसका द्यायचा नाही.

घड्याळात आठ वाजले. ऑपरेटरबाईंनी फोन धरला. पीटीबाईंनी केबल धरली.

"चहा घेऊन मग काढू," पीटीबाई म्हणाल्या.